एक सोडून एक पायरी

“मोड सांग! आधी मोड! बाकीचं रामायण नंतर!”

काका गच्चीतून ओरडत होते. अडुसष्ट वर्षांचा माणूस, अंगात नुसता बनियन, डोक्याला माझ्या बायकोने बांधलेली प्लास्टिकची पिशवी, आणि दोन्ही हातांनी मिठी मारलेला वीस फुटी बांबू. बांबूच्या टोकाला अँटेना. वारा असा, की शेजारच्या बोळातला एक अख्खा पत्रा आमच्या डोक्यावरून गेला, जसा काही रोह्याची शेवटची एसटी पकडायला निघालाय. मी आत खोलीत, काकांचा स्कॅनर, म्हणजे हवेतली बोलणी पकडणारा छोटा रेडिओ, हातात घेऊन बसलेला.

“एफएम!” मी ओरडलो.

“मग स्टेप?”

मी पडद्यावरचा आकडा पाहिला.

मी काय उत्तर दिलं ते सांगतो. पण आधी हा माणूस कोण आणि त्या वीतभर यंत्रात त्याचा जीव का अडकला होता, हे तुम्हाला कळायला हवं. आणि एक कबुलीही देऊन टाकतो. मी गोष्टी वाढवून सांगतो. अख्ख्या पेणला ठाऊक आहे. मी आमच्या आळीत एक गांडूळ सोडलं तर एसटी स्टँडपर्यंत पोचताना त्याचा अजगर झालेला असतो. पण हे सगळं मापात आहे. जवळजवळ मापात.

माझा गणपतीचा कारखाना. खाली मूर्ती, वरच्या मजल्यावर आम्ही, आणि त्याच्यावर गच्चीत एक खोली. त्या खोलीत साच्यांपेक्षा उंदीर जास्त होते. तीन वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले, खोली बघायला म्हणून. खोलीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. थेट गच्चीच्या कठड्याशी गेले, खाडीच्या दिशेला तोंड करून उभे राहिले, आणि विचारलं, “मधे डोंगर नाय ना?”

“डोंगर कशाला? हवा बघा की, साक्षात स्वित्झर्लंड,” मी म्हणालो.

“घेतली,” ते म्हणाले.

रोह्याला त्यांचा स्वतःचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. तिथल्या एका केमिकल कंपनीत तीस वर्षं मीटर, गेज, व्हॉल्व्ह सांभाळले. बायको वारलेली. असा माणूस स्वतःच्या मालकीचं घर कुलूप लावून ठेवतो आणि माझ्या उंदरांच्या खोलीत भाड्याने राहायला येतो, तेव्हा तुम्ही काय समजाल? आम्ही गुप्तहेर समजलो. म्हणजे मी समजलो, आणि बाजाराला समजावलं. काकांना समुद्रातल्या पाणबुडीतला आचारी डाळीला फोडणी देताना ऐकू येतो, हे मीच पसरवलं. त्यावर एक हवालदार चौकशीला आला. काकांनी त्याला भिंतीवर फ्रेम करून लावलेला रेडिओचा सरकारी परवाना दाखवला. हवालदार दोन मिनिटांसाठी आला होता, तो दोन तास बसला. जाताना मला म्हणाला, “शेठ, डाळीचं काय ऐकू आलं नाय हां.”

काकांचं एक वाक्य होतं. दिवसातून दहा वेळा यायचं. “आधी मोड, मग स्टेप, मग देव.”

“काका,” मी म्हणायचो, “माझ्या घरात चारशे गणपती बसलेत आणि तुम्ही देवाला तिसऱ्या नंबरावर टाकता?”

“अरे, मोड चुकला तर देव बोलला तरी तुला कळणार नाय.”

मग ते दाखवायचे. विमानवाले बोलतात ते एएमवर. खाडीतले बार्जवाले एफएमवर. एफएमचा माणूस एएमवर ऐकला, तर तो तोंडात अख्खा मोदक धरून बोलतोय असं वाटतं. आवाज आहे, शब्द नाहीत. हा झाला मोड. आणि स्टेप म्हणजे पाऊल. आवाज शोधायला निघाल्यावर यंत्र केवढ्या उड्या मारत जाणार, त्याचं माप.

“जिना हाय असं समज,” ते सांगायचे. “पायऱ्या पंचवीस-पंचवीसच्या. तू पंचवीसनं चढलास तर प्रत्येक पायरीवर पाय पडेल. पन्नासनं चढलास तर एक सोडून एक. आणि माणूस नेमका सोडलेल्या पायरीवर उभा असतो. तुला वाटतं, जिन्यात कोणीच नाय.”

मी मान डोलवायचो. माझं निम्मं लक्ष खालच्या रंगकाम करणाऱ्या पोरांकडे असायचं.

त्यांचं घड्याळ वेगळंच होतं. ते भरतीवर जेवायचे. धरमतरच्या खाडीत माल घेऊन येणारे बार्ज भरतीच्या पाण्यावरच आत येतात, ओहोटीत चिखलात बसतील. म्हणून काकांच्या भिंतीवर कालनिर्णयाच्या तारखांपेक्षा भरतीच्या वेळा मोठ्या अक्षरात. आमची ही सकाळीच सांगायची, “काका आज साडेअकराला जेवणार, बाराची भरती हाय.” दुसऱ्या दिवशी पाऊण तास पुढे. महिनाभरात त्यांचं दुपारचं जेवण फिरत फिरत रात्रीला भेटून परत यायचं. मी बाजारात सांगितलं, आमच्याकडे चंद्र भाड्याने राहतो.

भरतीच्या तासभर आधी यंत्र चालू. खुर्ची खाडीकडे. खरखर, मधेच कोणीतरी हिंदीत, कोणी मालवणीत, कोणी आगरी बोलीत: जेटी रिकामी आहे का, दोर कोण धरणार, मागच्याने जरा दम काढा. काका ऐकायचे आणि काही नाही. वहीत टिपण नाही, चेहऱ्यावर रेष नाही. मग एक आवाज यायचा, आणि त्यानंतर ते यंत्र बंद करायचे. पुढे कितीही बार्ज येवोत.

हे माझ्या लक्षात आलं नाही. बायकोच्या आलं. ती वर चहा घेऊन गेली होती. खाली येऊन म्हणाली, “अहो, तो कोण बोलतो, ‘येतोय, येतोय, दोर तयार ठेवा’, त्याचा आवाज आला की काकांची बशी हवेत थांबते. तो कोण हाय?”

“असेल कोणी.”

“असेल कोणी काय? तुम्हाला बाप्पांचे डोळे काढायचे कळतात, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं कळत नाय.”

मग तीच गेली आणि तिनेच विचारलं. बायकांना विचारता येतं. काका म्हणाले, “पोरगा हाय. सुकाणी हाय बार्जवर.” एवढंच.

बाकीचं तुकड्यातुकड्यांनी कळलं. कंपनीत मुलाला घ्यावं म्हणून काकांनी निवृत्तीच्या दोन वर्षं आधी नोकरी सोडली. स्वतःची खुर्ची त्याच्यासाठी रिकामी केली. मुलगा आठ महिने बसला, नवव्या महिन्यात शिफ्ट अर्धी टाकून उठला. म्हणाला, बंद खोलीत काचेआडच्या सुया बघून जीव गुदमरतो. आणि बार्जवर गेला. त्या दिवशी बापलेकांत जे बोलणं झालं ते शेवटचं. फोन नाही, येणं नाही, जाणं नाही. मुलगा रोह्यातच दुसरीकडे खोली घेऊन राहिला, बायको केली, ते काकांना शेजाऱ्यांकडून कळलं.

रोह्याला डोंगर आड येतो. खाडीवरचं काही ऐकू येत नाही. म्हणून पेण.

आता तुम्हीच सांगा. त्या यंत्रावर फक्त ऐकता येतं, बोलता येत नाही. मी असतो तर बोलायचं यंत्र घेतलं असतं आणि पोराला भर खाडीत शिव्या घातल्या असत्या. मी तसं म्हणालोसुद्धा. काका म्हणाले, “मला बोलायचं कुठे हाय?”

आता माझा प्रताप.

वादळाच्या आठेक दिवस आधी माझा रोह्याचा मेव्हणा आला. हा मेव्हणा म्हणजे, माझ्या घरी हत्ती बांधलेला असला तरी हा म्हणेल, आमच्याकडे याच्यापेक्षा मोठा होता. त्याच्यापुढे मी बोलून गेलो, वर गच्चीत विमानं बोलतात. काका बँकेत हयातीच्या दाखल्याच्या कामाला गेलेले. घरमालक म्हणून दुसरी किल्ली माझ्याकडे. उघडली खोली. यंत्र घेतलं. मोड एएम केला, तेवढं मला येत होतं. आणि विमानं जोरात जातात, तेव्हा पावलंही मोठी हवीत, असा विचार करून स्टेप केली पन्नास. हसू नका. त्या वेळी ते मला फार शास्त्रीय वाटलं होतं.

पाऊण तासात एकदा कोणीतरी “रॉजर” म्हणालं. मेव्हणा म्हणाला, “आमचा मिक्सर याच्यापेक्षा स्पष्ट बोलतो.”

मी मोड परत एफएम केला, यंत्र होतं तिथे ठेवलं, खुर्चीचा कोन जुळवला. स्टेप विसरलो.

आठ दिवस कोणाला पत्ता लागला नाही, कारण काकांचा रोजचा चॅनेल यंत्रात साठवलेला होता. साठवलेल्या चॅनेलला स्टेप लागत नाही. स्टेप लागते ती माणूस नेहमीच्या जागी सापडत नाही तेव्हा.

मे संपत आला होता. वादळाची सूचना आदल्या दिवशीच होती, पण बार्ज मुंबईहून आधीच निघाले होते. दुपारी एकची भरती. अकराला वीज गेली. साडेअकराला मोबाइलचा टॉवर गेला. बाराला यंत्रातून जेटीवाल्याचा शेवटचा आवाज आला, “ह्या चॅनेलवर गर्दी नको, बार्जवाल्यांनी दुसरीकडे जा,” आणि खर्रकन सगळं थांबलं. दुसरीकडे म्हणजे कुठे, ते वाऱ्यात गेलं.

काकांनी नेहमीचा चॅनेल सोडला आणि यंत्र शोधायला लावलं. यंत्र खालपासून वरपर्यंत धावायला लागलं. कुठेच थांबेना. वरून परत खाली. परत वर. आकडे नुसते पळत होते.

“आकाशात कोणीच नाय असं कसं होईल?” ते म्हणाले. “सहा बार्ज बाहेर हायत. सहाच्या सहा गप्प कसे?”

मग त्यांना वाटलं अँटेना कलली. म्हणून ते बांबू धरायला बाहेर, आणि मी आत. खालून बायको हाक मारतेय, “अहो, खाली या! बाप्पांच्या अंगावर पाणी येतंय!” परदेशी जाणाऱ्या मूर्ती होत्या त्या, आखणी झालेल्या, डोळे काढून पूर्ण. आणि वरून काका: “मग स्टेप?”

पडद्यावर पन्नास.

एक सोडून एक पायरी. तासभर आम्ही जिन्यात हाका मारत होतो, आणि सोडलेली प्रत्येक पायरी मी सोडायला लावलेली.

“पंचवीस!” मी ओरडलो.

का? मला विचारू नका. तोंडातून खोटं बाहेर पडलं, सवयीने. मनात म्हटलं, काका बाहेर आहेत तोवर पटकन बदलून टाकू, कोणाला कळणार नाही. कुठलं तरी बटण दाबून धरायचं असतं, एवढं आठवत होतं. कुठलं, ते आठवेना. एक दाबलं, दिवा लागला. दुसरं दाबलं, मोड एएम झाला. तो कसाबसा परत आणला. तिसरं दाबलं तर बटणांना कुलूप लागलं, पडद्यावर किल्लीचं चित्र. माझे हात तुम्ही बघायला हवे होते. मी पाव इंचाच्या डोळ्यात बुबुळ काढणारा माणूस, श्वास रोखून. त्या दिवशी ह्या बोटांना बटण सापडेना.

काका आत आले. पिशवी उडून गेलेली, केसांतून पाणी गळतंय. यंत्र माझ्या हातातून घेतलं, कुलूप काढलं, आणि परत शोधायला लावलं. स्टेपकडे पाहिलंच नाही. मी पंचवीस म्हणालो होतो ना.

आकडे पळायला लागले. कुठेच थांबेनात.

दीड वाजला. दोन वाजले. काकांनी भिंतीवरच्या वेळा पाहिल्या आणि म्हणाले, “भरती फिरली. आता तो आत येऊ शकत नाय. म्हणजे बाहेर हाय. नायतर...” त्यांनी चष्मा काढला, पुसला. ज्या टॉवेलने पुसला तोही ओला होता. परत पुसला.

“काका, फोन लागतोय का बघू?”

“टॉवर गेलाय. आणि लागला तर काय बोलू? कोण म्हणून बोलू?”

मग त्यांनी एक केलं जे मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. यंत्र तोंडाजवळ नेलं. बोलायचं बटणच नाही त्याला, माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत. ओठ हलले, आवाज फुटला नाही. यंत्र परत मांडीवर ठेवलं.

मी चार घरांच्या मूर्ती चोरून विकल्या असत्या तरी मला एवढी लाज वाटली नसती.

“काका,” मी म्हणालो, “स्टेप एकदा परत बघा.”

“तू पंचवीस म्हणालास ना?”

“म्हणालो. पण बघा.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग पडद्याकडे. मग खूप वेळ पडद्याकडेच. मी दाराबाहेर बघायला लागलो. वाऱ्यात नारळाची झावळी गेली, तीही मला बघून गेल्यासारखी वाटली.

“बॅटरी उतरली की होतं असं कधी कधी,” काका म्हणाले.

बॅटरी उतरली की असं होत नाही. हे मला कळत होतं, तर तीस वर्षं गेज सांभाळलेल्या माणसाला कळत नसेल? त्यांनी अंगठ्याने एक बटण दाबून धरलं. मला न सापडलेलं, अगदी डोळ्यांसमोरचं. पन्नासचे पंचवीस झाले.

आकडे धावले आणि पाचव्या-सहाव्या पायरीवर थबकले. खरखर. कोणीतरी हिंदीत दुसऱ्याला नांगर धरला का विचारत होतं. पुढे परत थबकले. आणि मग कढईत भजी टाकल्यासारख्या त्या चरचरीतून एक आवाज, तुटत तुटत: “...नांगर टाकलाय... माणसं पाच... सगळी बरी...” आणि खोकला. मग परत चरचर.

“हाच,” काका म्हणाले.

मला तो आवाज ओळखू आला असं मी म्हणणार नाही. मला तर त्या चरचरीत माझी सासूही ओळखू आली नसती. पण काका उभे राहिले होते. “हाच. पावसात भिजला की असाच खोकतो, शाळेत होता तेव्हापासनं. ऐकलास ना शेठ? माणसं पाच. सगळी बरी.” त्यांनी यंत्र बंद केलं. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून जरा वाकले, जिना चढून आल्यासारखे. मग म्हणाले, “चल, तुझे बाप्पा भिजतायत.”

आणि तो माणूस संध्याकाळपर्यंत आमच्याबरोबर खाली प्लास्टिकचे कागद धरून उभा होता. एका मूर्तीच्या डोळ्यावर थेंब ओघळलेला. ती बघून म्हणाले, “शेठ, हा तिरळा झाला. अमेरिकेत चालेल का?” तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना खळखळून हसताना पाहिलं. माझं पाप पोटात घेऊन मीही हसलो. सांगायचं होतं. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी रोह्याहून झाडाचे पांढरे जाम आणले, मग सांगणं अजूनच अवघड झालं.

गणपती गेले आणि पितृपक्षात एकदा काका फ्लॅटची वीज तोडू नका असं सांगायला रोह्याला गेले, तिथेच मुक्काम केला, आणि सकाळी उठले नाहीत. शेजाऱ्यांनी मुलाला कळवलं. सगळं त्यानेच केलं, रीतसर. आम्ही दोघं गेलो होतो. 

पंधरा दिवसांनी तो माझ्याकडे आला, खोली रिकामी करायला. उंच, काळासावळा, हाताला दोरांचे घट्टे. सामान होतं किती? दोन पिशव्या, फ्रेम केलेला परवाना, भरतीच्या वेळांचा कागद, आणि ते यंत्र. गच्चीतला बांबू त्यानेच उतरवला, तार मनगटावर गुंडाळत बसला. बायको म्हणाली, “चहा घेतोस का रे?” त्याने मानेनेच हो म्हटलं.

मला राहवेना. ज्याला सांगायचं तो तर गेला होता. मी त्याच्यासमोर मूर्तीच्या पाटावर बसलो आणि सगळं सांगितलं. बाप त्याच्यासाठी इथे राहत होता ते. भरतीवर जेवत होता ते. ‘येतोय, येतोय’ ऐकलं की बशी थांबायची ते. मेव्हणा, पन्नासच्या उड्या, “पंचवीस” म्हणून खोटं बोललो ते, दोन तास तुझ्या बापाला मी आकाशात कोणी नाही म्हणून बसवून ठेवलं ते. आणि मग तुझा आवाज आला, माणसं पाच, सगळी बरी, आणि तुझा खोकला, आणि ते कसे उभे राहिले ते. एक अक्षर वाढवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. बायको दारात उभी राहून साक्षीला होती, चहा तिच्या हातातच गार झाला.

त्याने तारेचं शेवटचं वेटोळं घातलं. गाठ मारली.

“त्या दिवशी मी बार्जवर नव्हतो,” तो म्हणाला. “रोह्याला होतो. पोरीला ताप होता.”